आडवे बोअर

आहेराच्या पाकिटात शंभराच्या नोटेबरोबर वरचा रुपया म्हणून घालायला एक रुपयाच्या कोऱ्या नोटांची घडी आई लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवीत असे. त्या नोटेच्या मागे समुद्रात उभ्या असलेल्या एका लोखंडी सांगाड्याचे चित्र असते. लहानपणी मी ते कितीतरी वेळा पाहिले असेल. पण तो सांगाडा म्हणजे ‘सागर सम्राट’ नावाची रिग, म्हणजे समुद्रात तेलविहिरी खणणारा तळ, आहे, आणि पुढे आपले पोट तिनेच शोधलेल्या तेलावर चालणार आहे, हे कळायला मला पारोळा तालुक्यातले गाव सोडून, अमळनेरला रसायनशास्त्राची पदवी घेऊन, जुहूच्या तळावर हेलिकॉप्टरची वाट पाहत उभे राहावे लागले. त्यानंतरची वीसेक वर्षे चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस गावी, अशी गेली. एका कंत्राटदाराच्या वतीने मी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या प्रयोगशाळेत तेलाचे आणि पाण्याचे नमुने तपासत असे. हुद्दा फार मोठा नव्हता, पण म्हाताऱ्या होत जाणाऱ्या तेलक्षेत्राची नाडी रोज हाताला लागावी अशी ती जागा होती.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, जेमतेम 75 मीटर खोल पाण्याखाली, मुंबई हाय आहे. आमच्यापैकी जुनी माणसे अजूनही ‘बॉम्बे हाय’च म्हणतात. 1974 च्या फेब्रुवारीत सागर सम्राटने तिथे तेल शोधले आणि 1976 च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. 1985 च्या सुमारास हे एकच क्षेत्र दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल देत होते. आज तो आकडा सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान घुटमळतो. सुटीवर गावी आलो की पारावर हमखास एक प्रश्न येई, ‘काय भाऊ, तुमच्या तिकडचे तेल आटले म्हणे?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मला बरीच वर्षे देता येत नव्हते. ते सापडले आमच्याच मळ्यात, आप्पांच्या विहिरीत.

ती विहीर 1972 च्या दुष्काळानंतर खणलेली, साठ फूट खोल आणि तळापर्यंत काळ्या पाषाणात. आप्पांना शिक्षण फारसे नव्हते, परंतु मोटारीच्या खोलीतल्या चुन्याच्या भिंतीवर ते कोळशाने एक हिशेब मांडीत: मोटार किती वेळ चालली आणि पाण्याने कधी सोडले. पहिल्या वर्षांत तिथे ‘दिवसभर’ एवढाच शब्द आहे. मग सहा तास, पाच, साडेतीन, दोन. नव्वदीच्या दशकातल्या एका उन्हाळ्याच्या ओळीत पन्नास मिनिटे लिहिली आहेत आणि त्याखाली काहीच नाही. तेलधंद्यातली माणसे ज्याला उत्पादनघटीचा वक्र म्हणतात आणि संगणकाच्या पडद्यावर रंगीत रेघांनी काढतात, तो आमच्या भिंतीवर कोळशाने काढलेला होता, फक्त त्याला ते नाव नव्हते.

पुढच्या वर्षी आप्पांनी आडवे बोअर मारायचे ठरवले. खानदेशात ज्याची विहीर काळ्या पाषाणात आहे त्याला हे काम समजावून सांगावे लागत नाही. यंत्र साखळीने विहिरीत उतरवतात, ते भिंतीला टेकवून उभे करतात, आणि खाली खोल जाण्याऐवजी बाजूला, आडवे, शंभर-सव्वाशे फूट भोक घेतात. त्या मशीनवाल्याने दोन पाषाणांच्या मधला गेरूचा तांबडा पट्टा बोटाने चाचपला, पट्ट्याच्या जरा वर ओल दिसत होती तिथे खडूने फुली मारली, आणि वर काठावर उभ्या असलेल्या आप्पांना ओरडून सांगितले, ‘पानी शे भाऊ, पन त्याले वाट सापडत नही.’ चार दिशांना चार बोअर झाले. त्यांपैकी दोन कोरडे गेले, एकाने नुसते पाझर दिले आणि पूर्वेच्या चौथ्याने मनगटाएवढी धार सोडली. पन्नास मिनिटांचे अडीच तास झाले.

मुंबई हायचे तेल आटलेले नाही. त्याला वाट सापडत नाही. तिथले मुख्य तेल समुद्रतळाखाली तेराशे-चौदाशे मीटरवर चुनखडीच्या थरांत आहे. तेलाचे तळे असते अशी अनेकांची समजूत असते, पण तसे ते कुठेच नसते. दगडाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी असावे तसे ते मुरलेले असते. ही चुनखडी एकसंध नाही. तिच्यात शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या दगडाचे, पातळ पापुद्रे आहेत, एका थराची छिद्रे मोकळी तर दुसऱ्याची बुजलेली आहेत, आणि त्यामुळे उभी विहीर खणली की ती मोकळ्या थरातले तेल आधी ओढून घेते आणि बुजलेल्या थरातले मागे राहते. कोणत्याही तेलक्षेत्रातून एकूण साठ्याचा साधारण तिसरा हिस्साच वर येतो, असा जगभरचा सरासरी अनुभव आहे. उरलेले दोन हिस्से दगडाला धरून बसतात. म्हाताऱ्या क्षेत्रातून उत्पादन वाढवायचे म्हणजे त्या दोन हिश्श्यांतले आणखी थोडे सोडवून आणायचे.

त्याची पहिली युक्ती आमच्या मशीनवाल्याचीच आहे. जुनी विहीर काही खोलीवर सिमेंटने बंद करतात, तिच्या पोलादी केसिंगला, म्हणजे आतल्या अस्तराच्या नळीला, बाजूने खिडकी पाडतात, आणि तिथून नवा फाटा काढून तो थराच्या अंगाने आडवा नेतात. याला साइडट्रॅक म्हणतात. समुद्रात याचे मोल फार आहे, कारण प्लॅटफॉर्मवर विहिरींसाठी ठेवलेल्या जागा मोजक्या असतात आणि नवा प्लॅटफॉर्म उभारणे म्हणजे डोळे पांढरे करणारा खर्च. आडव्या फाट्याचा दुसरा फायदा असा की उभी विहीर जोराने उपसली की खालचे पाणी शंकूच्या आकारात वर चढते आणि तेलाची वाट अडवते. आडवी विहीर तोच उपसा लांबवर वाटून घेते, त्यामुळे पाणी उशिरा चढते. छिन्नीच्या मागे बसवलेली उपकरणे दगडाचे गुणधर्म खणता खणताच वर कळवतात आणि दोन-तीन मीटरच्या थरातून फाटा सुटू नये म्हणून त्याला वळवीत नेता येते. आमच्या मशीनवाल्याच्या बोटाचे काम तिथे ही उपकरणे करतात, आणि एवढे करूनही काही फाटे कोरडे जातात.

पण तेलक्षेत्राचे म्हातारपण खऱ्या अर्थाने कळते ते पाण्यावरून. तेल निघत गेले की खडकातला दाब कमी होतो, म्हणून 1984 पासून मुंबई हायमध्ये समुद्राचे पाणी खाली दाबून भरले जाते. ते उचलले आणि ओतले इतके सोपे नसते. आधी गाळायचे, मग त्यातला विरघळलेला प्राणवायू काढून टाकायचा, नाहीतर तो पाइप खातो. आणि जंतू मारायचे, नाहीतर खाली गेलेले जंतू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगून विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. प्राणवायू अब्जात वीस भागांच्या आत राहिला पाहिजे, असा सामान्य दंडक असतो. दिवसातून कितीतरी वेळा काचेची छोटी नळी त्या पाण्यात मोडून तिच्यात चढणारा रंग तक्त्याशी ताडून पाहणे हे माझे काम होते. रंग एक छटा जरी गडद आला तरी कंट्रोल रूमला फोन करावा लागे. मला हे काम कंटाळवाणे वाटले नाही, कारण तो रंग म्हणजे कित्येक किलोमीटर पाइपलाइनचे आयुष्य आहे, हे डोळ्यांसमोर असे.

दुसरे काम वॉटर कट मोजण्याचे, म्हणजे विहिरीतून वर येणाऱ्या द्रवात पाणी किती हे पाहण्याचे. विहिरीच्या तोंडावरची बारीक तोटी सोडून बाटली भरायची. वर येते ते कोमट, चॉकलेटी, फेसाळ मिश्रण. त्यात तेल कोणते आणि पाणी कोणते हे कुणालाही सांगता येणार नाही. ते निमुळत्या नळीत घालून, मिश्रण फोडणाऱ्या रसायनाचे दोन थेंब टाकून, यंत्रात गरागरा फिरवले की तळाशी पाणी बसते, वर काळे तेल तरंगते, आणि मधे तपकिरी साय धरते. त्या सायीची वरची कड वाचायची की खालची, यावरून नवख्याचा आकडा दोन-चार टक्क्यांनी चुकतो. मी लागलो तेव्हा काही विहिरींच्या नळीत अर्धे पाणी असे. नोकरी सोडताना त्यांपैकीच एका विहिरीच्या नळीत वर तेलाची फक्त बोटभर काळी टोपी उरली होती.

खाली भरलेले पाणी तेलाला पुढे ढकलील, ही कल्पना चांगली आहे, परंतु पाणी कुणाचे ऐकत नाही. पाटाने पाणी भरणाऱ्याला हे ठाऊक असते. वरून पाणी सोडावे, सरी भरायची वाट पाहावी आणि तासाभराने कळावे की ते घुशीच्या बिळातून शेजारच्या बांधाखाली निघून गेले आहे. चुनखडीतले मोकळे थर आणि भेगा म्हणजे अशीच बिळे. भरलेले पाणी त्यांतून थेट शेजारच्या तेलविहिरीत येते आणि आजूबाजूचे तेल जागेवरच राहते. मग बिळे शोधायची: भरणाऱ्या विहिरीत ओळखीचे रसायन सोडायचे आणि ते कोणत्या विहिरीत किती दिवसांनी उगवते हे पाहायचे, म्हणजे कुणाचे पाणी कुणाकडे जाते ते कळते. सापडलेले बीळ जेलने बुजवायचे किंवा तेवढ्या थराचे पाणी तोडायचे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत जिथे चालत असे तिथे कोणत्या फडाला किती पाणी गेले याचा हिशेब पाटकऱ्याच्या डोक्यात असायचा. तेलक्षेत्राला आधुनिक तंत्रज्ञानाने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे मला विचारले, तर मी एखाद्या यंत्राचे नाव घेणार नाही. दगडाखालच्या पाण्याला पाटकरी मिळाला, असे म्हणेन.

खालचा दाब कमी पडला की तेल आपल्या बळावर वर येत नाही. तेव्हा विहिरीच्या पाइपमध्ये उच्च दाबाचा वायू सोडतात, त्याने तेलाचा स्तंभ हलका होतो आणि उरलेला दाब त्याला वर आणायला पुरतो. याला गॅस लिफ्ट म्हणतात. बोअरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून पाणी उपसताना ज्याने पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगायची गरज नाही. पाण्याखालच्या विद्युत पंपांचे, विहिरीत बसवलेल्या दाबमापकांचे आणि संगणकात उभ्या केलेल्या क्षेत्राच्या जुळ्या प्रतिकृतीचे कौतुक अलीकडे फार होते. ते खोटे नाही. कोणत्या विहिरीला किती वायू द्यावा हे शेकडो विहिरींसाठी रोज ठरवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण त्या संगणकाला शेवटी कुणीतरी वाचलेली सायीची कडच पुरवली जाते.

पाण्याचा गुण बदलण्याचे तंत्र मला रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून अधिक मोहवते. समुद्राच्या पाण्यातले क्षार कमी करून किंवा त्यांचे प्रमाण बदलून ते खाली भरले, तर काही खडकांत दगडाच्या पृष्ठभागाचा स्वभावच पालटतो आणि त्याला चिकटलेले तेल सुटते. शेजारच्या वऱ्हाडात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातले क्षार मातीचा स्वभाव कसा बदलतात हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भोगत आला आहे. इथे तीच गोष्ट उलट्या बाजूने कामाला लावलेली. ब्रिटनच्या उत्तरेला क्लेअर रिज या क्षेत्रात 2018 मध्ये उत्पादन सुरू झाले तेच समुद्रावर असे पाणी तयार करण्याच्या सोयीसह. मात्र एका दगडात जे जमते ते दुसऱ्यात जमतेच असे नाही, आणि समुद्रात क्षार काढण्याचा कारखाना उभारायला प्लॅटफॉर्मवर जागा आणि वजन पेलण्याची ताकद लागते, जी जुन्या सांगाड्यांत मुळातच थोडी असते.

2025 च्या जानेवारीत बातमी आली की मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा पुरवायला बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड झाली, मुदत दहा वर्षे, आणि तेल व वायू मिळून उत्पादन पायारेषेपेक्षा 60 टक्क्यांपर्यंत जास्त नेता येईल असे कंपनीने सुचवले आहे. गावच्या व्हॉट्सॲप गटावर ‘मुंबई हाय दीडपट होणार’ असे लगेच फिरले. इथे भिंतीवरचा हिशेब वाचणाऱ्याने थांबावे. पायारेषा म्हणजे आजचा आकडा, की काहीच केले नाही तर जो घसरत जाईल तो? समजा, एखादे क्षेत्र आज 100 देते आणि हात न लावता दरवर्षी 7 टक्क्यांनी घटते. दहा वर्षांनी ते 48 वर येईल. त्या 48 वर 60 टक्के वाढ धरली तर 77 होतात, म्हणजे आजच्यापेक्षा कमी. हे केवळ उदाहरण आहे, मुंबई हायचे आकडे नव्हेत. परंतु म्हाताऱ्या क्षेत्रात उत्पादन वाढले या वाक्याचा अर्थ पुष्कळदा कमी घटले असा असतो, आणि तोही क्षुल्लक नसतो. आडव्या बोअरनंतर आमचेही ‘दिवसभर’ परत आले नाही, अडीच तास आले. त्या अडीच तासांवर पुढे बहिणीचे लग्न आणि माझ्या धाकट्या भावाचे शिक्षण झाले.

आणि 77 आणि 48 मधला फरक आमच्यासारख्यांना दूरचा नाही. मुंबई हायचा वायू उरणला उतरतो, त्यातून अलिबागजवळ थळच्या कारखान्यात युरिया होतो आणि तो आमच्या कपाशीला पडतो. वसईसमोरच्या समुद्रातला वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो, आणि हजिरा कुठे, तर तापीच्या मुखाशी. आमचे ओढे-नाले ज्या नदीला मिळतात ती नदी शेवटी त्या नळांपाशी जाऊन समुद्राला मिळते, हे मला नकाशावर दिसले तेव्हा उगाच बरे वाटले होते.

उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतल्या एकोफिस्क क्षेत्राची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तिथला दगड खडूसारखा मऊ. 1971 मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा सतरा-अठरा टक्के तेल हाती लागेल असा अंदाज होता. पाणी भरून आणि नव्या विहिरी घेऊन तो अंदाज आज पन्नाशीच्या आसपास गेला आहे. पण तेल निघाल्यावर खालचा खडू दबला, समुद्राचा तळ खचला आणि 1987 मध्ये तिथले प्लॅटफॉर्म पाय कापून सहा मीटर उचलावे लागले. म्हाताऱ्या क्षेत्रात खर्च असे अनपेक्षित जागी निघतात. आपल्याकडेही पन्नास वर्षे खाऱ्या वाऱ्यात उभे असलेले लोखंड, समुद्रतळावरच्या गंजणाऱ्या नळ्या, जुन्या वेल्डिंगच्या भेगा हे सगळे नव्या विहिरींइतकेच पैसे मागते. 27 जुलै 2005 रोजी एक जहाज मुंबई हाय नॉर्थच्या वायुवाहक नळीवर आदळले आणि पेटलेल्या आगीत अख्खा प्लॅटफॉर्म गेला, 22 माणसे गेली. त्या दिवसानंतर जहाज जवळ येताना दिसले की प्लॅटफॉर्मवरचे बोलणे आपोआप थांबते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

विहिरीची उपमा मी इतकी ताणली आहे की ती कुठे तुटते हेही सांगायला हवे. आमच्या विहिरीत मृग बरसला की पाणी येते. मुंबई हायला मृग नाही. तिथे बाहेरून भरतो ते पाणी, आणि काढतो ते तेल. आत तेल भरणारे कुणी नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात आत्याच्या घरी बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल नेतात, तिथेही उपसा पावसाच्या पुढे गेला आहे. 2025 च्याच मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला, सातपुड्याच्या पायथ्याशी पुराचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी. चार महिन्यांच्या अंतराने झालेल्या या दोन्ही व्यवहारांत पाणी जमिनीत घालायचेच आहे. एकात ते साठवण्यासाठी, दुसऱ्यात काहीतरी कायमचे बाहेर ढकलण्यासाठी.

सागर सम्राट रिग म्हणून निवृत्त झाली तेव्हा ती भंगारात जाईल असे आम्हाला वाटले होते. तसे झाले नाही. तिचे रूपांतर उत्पादन करणाऱ्या फिरत्या प्लॅटफॉर्ममध्ये केले गेले आणि 2022 च्या अखेरीस ती पुन्हा समुद्रात रुजू झाली, आता तेल शोधायला नव्हे, तर लहान क्षेत्रांतल्या विहिरींचे तेल गोळा करायला. नोटेवरचे चित्र अजून जुनेच आहे.

यंदाच्या दिवाळीत धाकट्या भावाने मोटारीची खोली रंगवायला काढली. माणसे चुना घेऊन आली तेव्हा मी त्याला हाक मारून म्हटले, ‘अरे, ती एक भिंत सोड.’ त्याने कारण विचारले नाही. तीन भिंती पांढऱ्या झाल्या. मग तो आत गेला, चुलीतला कोळशाचा तुकडा शोधून आणला आणि आप्पांच्या शेवटच्या ओळीखाली थोडी जागा सोडून त्याने लिहिले: एक तास चाळीस मिनिटे, कार्तिक.